तिसऱ्या बंधाऱ्याखालचे नाव

शेवाळाच्या चार जाती एकमेकींपासून कधी फुटल्या हे शोधण्यात माझी विद्यापीठातली शेवटची दोन वर्षे गेली. पद्धत तशी सोपी आहे. जनुकांची नक्कल होताना चुका होतात आणि त्या पुढच्या पिढीत जातात. दोन जातींत अगदी तीच चूक दिसली, तर ती दोघींना एकाच आजीकडून आली असे धरायचे. शेवाळावर नोकरी कुणी दिली नाही. म्हणून मी त्सेल्ये शहरात झ्वोनेच्या संग्रहालयात जुन्या कॅसेट वाचायला बसले, आणि कॅसेटींनाही आज्या असतात हे तिथे कळले.

झ्वोने पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या तळघरात त्याने जुने संगणक मांडले होते. त्या शरद ऋतूत आम्ही एका खेळाची संध्याकाळ ठरवली होती. खेळाचे नाव ‘फ्लोसार’, म्हणजे लाकडाचे ओंडके बांधून केलेला तराफा नदीतून खाली नेणारा माणूस. सावीन्या नदीवर असे लोक खरोखर होते. खेळात तराफा घेऊन बंधाऱ्यांवरून उतरत सपाटीला पोचायचे असते. तिसऱ्या बंधाऱ्यावर उजवीकडून गेले की तराफा पाण्याखाली गडप होतो, आणि आता संपले असे वाटेपर्यंत पुन्हा वर येतो. आमच्या खोऱ्यात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही ‘फ्लोसार’ म्हणा, तो आधी त्या बुडीबद्दल बोलतो.

खेळ लिहिला होता हिंको पोदलेस्निक यांनी. पहिल्याच चित्रावर, स्प्रूसच्या मोठ्या झाडाखाली त्यांचे नाव आहे. ते निवृत्त गणितशिक्षक. निम्म्या गावाला त्यांनी शिकवले, मलाही. वहीत नुसते बरोबर उत्तर लिहिले तर ते त्याखाली लाल शाईने लिहायचे, ‘रीत?’

एकोणीसशे पंच्याऐंशीत हा खेळ रेडिओवरून आला. तेव्हा शनिवारी दुपारी आमच्या भागाच्या रेडिओवर असे प्रोग्रॅम सोडत. निवेदक सांगायचा, ‘टेप चालू करा’, आणि मग काही मिनिटे कर्कश किरकिर ऐकू यायची. ती किरकिर कॅसेटवर भरून घ्यायची आणि संगणकाला ऐकवायची. घरातल्या कुणी मध्येच दिवा लावला तर सगळे मुसळ केरात.

झ्वोनेने आवाहन केल्यावर लोकांनी माळ्यांवरून कॅसेट काढून आणून दिल्या. हिंकोसरांनी स्वतःचीही दिली. मी सगळ्या वाचल्या. कॅसेटवरची किरकिर म्हणजे आकड्यांची लांब माळ असते आणि माळेच्या शेवटी एक ताळा असतो. आकडे नीट आले की नाही ते त्यावरून संगणक पडताळतो.

वेलेन्येहून आलेल्या एका कॅसेटवर आधी निवेदकाचा आवाज होता, मग किरकिर, आणि किरकिरीच्या मधोमध एक मोठा कडकडाट. त्या दुपारी वीज पडली होती. ही रेडिओवरून थेट भरलेली कॅसेट. खेळ चालत होता, पण तिचा ताळा जमत नव्हता. चूक शोधत गेले तर ती पहिल्या चित्रात निघाली. स्प्रूसच्या बुंध्यावर एक पांढरी खाच आहे. इतकी वर्षे सगळ्यांना वाटत होते तो कुऱ्हाडीचा घाव. मी खाच बुजवली आणि ताळा जमला. घाव कुऱ्हाडीचा नव्हता, विजेचा होता.

मला फार आनंद झाला. शेवाळात अशी स्वच्छ खूण कधी मिळाली नव्हती. ज्या ज्या कॅसेटवर ही खाच, ती ती रेडिओच्या वंशातली.

त्याच आनंदात मी बाकीची माळ अक्षरांत उलटवून वाचत बसले. बहुतेक ठिकाणी कचरा दिसतो. तिसऱ्या बंधाऱ्याच्या सूचना जिथे संपतात, तिथे एक मोकळा तुकडा आहे. खेळाला त्याचा काही उपयोग नाही आणि पडद्यावर तो कधी येत नाही. त्यात स्पष्ट अक्षरे होती: ब्रेदा ओसेत.

“झ्वोने, ब्रेदा ओसेत कोण?” मी ओरडले.

“फोन आहे का? सांग मी बाहेर गेलोय.”

“फोन नाही. फ्लोसारच्या पोटात आहे ती.”

तो हातातला बुरेक खात माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला. “असेल हिंकोची कुणीतरी. लोक झाडावर नावं कोरतात, गणिताचा मास्तर आकड्यांत कोरणार.”

“बाकी सगळ्यांच्या कॅसेटवर ती आहे. त्यांच्या स्वतःच्या कॅसेटवर नाही. तिथे नुसती शून्यं आहेत.”

“मग बायकोनं बघितलं असेल.” तो हसला, पण मी हसत नाही हे पाहून थांबला. “तुला काय म्हणायचंय?”

मी हिंकोसरांच्या कॅसेटवरचे चित्र पडद्यावर आणले. स्प्रूसच्या बुंध्यावर खाच होती.

“ज्यानं खेळ लिहिला, त्याच्या मूळ कॅसेटवर रेडिओवरची वीज कशी पडेल?”

झ्वोनेने बुरेक कागदात गुंडाळून ठेवला. भिंतीला टेकवलेल्या पोस्टरवर बुडणारा तराफा होता आणि खाली सरांचे नाव ठळक अक्षरांत. संध्याकाळ शुक्रवारी होती.

“ताडेया, गावभर करू नकोस. त्या माणसानं आयुष्यात हीच एक गोष्ट केलीय जी लोकांच्या लक्षात राहिली. आधी जाऊन त्यांना विचार.”

सर वर ल्युब्नोला राहतात. मी गेले तेव्हा ते अंगणात बाकावर बसून सफरचंदांच्या चकत्या करत होते. वाळवायच्या जाळ्या शेजारी पसरल्या होत्या. त्यांनी मला दुसरी सुरी दिली.

“हात चालव आणि बोल. नुसतं बसून बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.”

“सर, पहिल्या चित्रातल्या झाडाला घाव आहे. तो तुम्ही काढला होता?”

“छे. माझं झाड धड होतं. वीज पडली त्या दिवशी. लोकांना कुऱ्हाड वाटली, मी म्हटलं वाटू दे.”

“मग तुमच्या कॅसेटवर तो कसा?”

त्यांनी चकती जाळीवर ठेवली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितले. “म्हणजे मी चोर. असंच ना?”

“मी असं म्हटलं नाही.”

“म्हटलं नाहीस, पण मांडलंस बरोबर. शाब्बास.” ते खरेच खूश दिसले. “ऐक. तेव्हा आमच्या घरात कोरी कॅसेट एकच होती. सीमेपलीकडच्या त्रिएस्तेहून आणली होती, नाक्यावरची तपासणी चुकवायला एकावर एक दोन जीन्स घालून. बाकी सगळ्यांवर बायकोची पोल्काची गाणी. तिच्या पोल्कावर मी किरकिर भरली असती तर आज तुझ्याशी बोलायला मी नसतो. त्या एकुलत्या कॅसेटवर खेळ भरला आणि रेडिओला पाठवला. ती परत आलीच नाही. मग शनिवारी मीही बाकीच्यांसारखा या स्वयंपाकघरात टेप लावून बसलो. आपलंच पोर दुसऱ्याच्या दारातून घरी आणावं तसं.”

माझ्या छातीवरचे ओझे उतरले. इतके साधे उत्तर मला का सुचले नाही याची मला लाज वाटली. मी एक चकती तोंडात टाकली, दुसरे सफरचंद उचलले आणि अर्धे सोलून थांबले.

“काय गं? कुठे अडलीस?”

“एक पायरी राहिली.”

“मग सांग. अर्धी रीत लिहून कुणी पास झालंय का?”

मला ती सांगायची नव्हती. पण ते वाट बघत होते, फळ्यापाशी बघायचे तशीच.

“रेडिओवरून जे आलं, त्यात तिसऱ्या बंधाऱ्यापाशी एक नाव होतं. सगळ्यांच्या कॅसेटवर ते आहे. तुमची कॅसेटही रेडिओवरूनच आली.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिच्यावरही ते आलं असणार.”

“आणि आता?”

“आता शून्यं आहेत.”

सरांनी सुरी पुसली, मिटली आणि बाकावर ठेवली. शेजारच्या अंगणात कुणीतरी लाकूड फोडत होते. 

“शून्यं मी भरली,” ते म्हणाले. “रीत बरोबर आहे.”

मग त्यांनी सांगितले. खेळ घरी आल्यावर आधी त्यांच्या बायकोने खेळून बघितला. ती मूर नदीच्या पलीकडची, सपाट मुलुखातली. तिसऱ्या बंधाऱ्यावर ती उजवीकडून गेली आणि तराफा पाण्याखाली गेला.

“मी खुर्चीतून उठलो. मी असं लिहिलंच नव्हतं. यंत्र बिघडलं म्हणेपर्यंत तराफा वर आला.”

“तुम्ही स्वतः कधी उजवीकडून गेला नव्हता?”

“उजवीकडून कोण जातं? खऱ्या बंधाऱ्यावर उजवीकडे खडक आहे. माझे आजोबा जन्मभर डावीकडून गेले. मी वर्षभर खेळ तपासला, दरवेळी डावीकडून. उजवीकडे माझा प्रोग्रॅम अडकून संगणक गोठत होता, आणि ते मला माहीतच नव्हतं. रेडिओवर कुणीतरी ते पकडलं, दुरुस्त केलं आणि शेजारी आपलं नाव लिहिलं.”

“म्हणून तुम्ही ते पुसलंत.”

“रागानं. वर्षभर मी खपलो, आणि शेवटी कुणी बाई येऊन आतल्या खोलीत आपली पाटी लावून जाते. नाव पुसलं.” त्यांनी जाळीवरची एक चकती सरळ केली. “दुरुस्ती मात्र ठेवली. दुरुस्ती चांगली होती.”

मी अर्धे राहिलेले सफरचंद पुन्हा सोलू लागले.

“पुढे पत्रकार यायचे. ते बुडीचं कसं सुचलं, म्हणायचे. मी सांगायचो, आजोबा सांगायचे की मोठ्या पाण्यात तराफा नाक खुपसतो आणि वर येतो. ते खरंच सांगायचे गं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते मी लिहिलं नव्हतं. एकदा सांगितलं की मग दर वेळी तेच सांगावं लागतं.”

“शुक्रवारी फलकावर काय लिहू, सर?”

“ती हयात आहे का?”

“माहीत नाही.”

“मग आधी ते बघ. तिला न विचारता एकदा मी तिचं नाव पुसलंय. आता तिला न विचारता लावायचं नाही. आणि सापडली तर मला घेऊन जा. हे फोनवर बोलायचं नाही.” त्यांनी पुन्हा सुरी उघडली. “एवढी टोपली संपव आणि मग जा.”

झ्वोनेने दोन फोन केले आणि बाई सापडली. रेडिओच्या जुन्या तंत्रज्ञांना तो ओळखत होता. ब्रेदा ओसेत झालेत्सजवळ भावाच्या मळ्यावर राहत होती; बियरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींचा मळा. दुसऱ्याच दिवशी मी सरांना घेऊन निघाले.  त्यांनी कोट घातला होता आणि मांडीवर वाळवलेल्या सफरचंदांची पिशवी धरली होती.

वेल उतरवून झाले होते. मळ्यात नुसते उंच खांब आणि तारा उरल्या होत्या. ब्रेदाबाई रबरी बूट घालून अंगणात एका पंपाचे झाकण उघडून बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, केस बारीक कापलेले.

“पोदलेस्निक?” त्या म्हणाल्या. “नाव ऐकल्यासारखं वाटतंय. थांबा, हा स्क्रू हातातून गेला तर परत मिळायचा नाही.”

स्क्रू बसल्यावर त्यांनी आम्हाला आत नेले आणि कॉफी ठेवली. सरांनी उभ्यानेच सगळे सांगितले. रेडिओ, बंधारा, नाव, शून्ये, शुक्रवारची संध्याकाळ. स्वतःची चूक गाळली नाही आणि काही सजवलेही नाही. ब्रेदाबाई ऐकताना एकदा कॉफी उतू जाऊ नये म्हणून उठल्या, तेवढेच.

“बसा हो,” त्या म्हणाल्या. “मला खेळ आठवत नाही. कितीतरी यायचे. सोडायच्या आधी प्रत्येक मी चालवून बघायचे. बिघडलेला सोडला की आठवडाभर फोन वाजायचा, आणि तो घ्यायचा कुणी? मीच.”

“आणि नाव?” सरांनी विचारले.

“ते घालायचेच. आमच्याकडे ज्यानं फ्यूज बदलला त्यानं पेटीच्या आत पेन्सिलीनं नाव लिहायचं, अशी पद्धत होती. उद्या धूर निघाला तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळायला नको? तुमच्या प्रोग्रॅमला मी हात लावला, तर त्याची जबाबदारी माझी.”

सरांनी हातातला कप बशीवर ठेवला.

“मला वाटलं, तुम्ही मालकी सांगताय.”

“मालकी?” त्या मोठ्याने हसल्या. “अहो, मालकी सांगायची असती तर पहिल्याच चित्रावर लिहिलं नसतं? भिंतीच्या आत कोण लिहितं?” मग त्यांनी साखर पुढे सरकवली. “कुणाचा कधी फोन आला नाही. म्हणजे बंधारा टिकला, असं मी धरून चालले. टिकला ना?”

“टिकला,” सर म्हणाले. “आणि ती बुडी?”

“कसली बुडी?”

“तराफा पाण्याखाली जातो, पुन्हा वर येतो.”

ब्रेदाबाईंनी कपाळावर आठ्या घातल्या आणि टेबलावर बोटाने काहीतरी मांडल्यासारखे केले. “जागा,” त्या म्हणाल्या. “जागा नसणार. दुरुस्ती कोंबायला जागा पुरली नसेल, म्हणून तिथे पडद्यावर तराफा काढायचंच मी गाळलं असेल. तराफा बुडत नाही हो. तेवढा वेळ तो कुणी काढत नाही, एवढंच.”

मला हसू आले. आमच्या पोस्टरवर जे होते ते कुणालाच सुचलेले नव्हते. पण सर हसले नाहीत.

“पोरं तिथे श्वास रोखून धरायची,” ते म्हणाले. “शाळेत पैजा लागायच्या. अजून लोक रस्त्यात थांबवून मला त्याच्याबद्दल विचारतात.”

“खरंच?” ब्रेदाबाईंचा हात साखरेच्या भांड्यावरच राहिला. “मला कुणी सांगितलंच नाही.”

 त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना नवल वाटले होते, आणि त्या नवलात इतकी वर्षे हुकलेले काहीतरी होते. सरांनी ते पाहिले. मीही.

“सांगायला हवं होतं,” सर म्हणाले. “कुणाला सांगायचं ते मला एकट्यालाच माहीत होतं.”

ब्रेदाबाईंनी सफरचंदांची पिशवी उघडून एक चकती तोंडात घातली. बराच वेळ चावत राहिल्या. “जरा जास्त वाळलीत,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी किती वाजता म्हणालात?”

शुक्रवारी तळघर भरले. झ्वोनेने पोस्टर बदलले नव्हते, पण सरांच्या नावाखाली रिकामी जागा होती आणि जाड पेन दोरीला बांधून शेजारी टांगले होते. ‘हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही, जागा शिल्लक होती,’ असे त्याने मला बजावले.

सर संगणकापाशी बसले. त्यांच्याच कॅसेटवरून खेळ आत आला, पण त्यांनी तो सुरू केला नाही. खिशातून चष्मा काढून ते एकेक आकडा टाकू लागले. मागच्या भिंतीवर सगळे मोठे दिसत होते: शून्य जायचे आणि त्या जागी एक आकडा यायचा.

“सर, खेळ कधी?” मागून कुणीतरी ओरडले.

“तुझी सवय गेली नाही अजून,” सर मागे न बघता म्हणाले. “रीत पुरी होऊ दे.”

लोक हसले. मग त्यांनी बुडीची हकिकत सांगितली, टाकता टाकताच, वर्गात सांगायचे तशी. आजोबा डावीकडून जायचे ते सांगितले, नाव कसे पुसले तेही सांगितले. हसणे थांबले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याकडे बघितले. ते कुणी कसे घेतले मला ठाऊक नाही. सरांनी कुणाच्या तोंडाकडे बघितले नाही. शेवटचा आकडा टाकून त्यांनी माळ अक्षरांत उलटवली आणि भिंतीवर ब्रेदा ओसेत हे नाव आले.

ब्रेदाबाई माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या दिवशी पायातले बूट चकचकीत होते.

“आता बिघडला तर सगळे माझ्या दारात येणार, पोदलेस्निक,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

“येऊ देत,” सर म्हणाले. “चला, बघू टिकतो का.”

त्यांनी खेळ सुरू केला. पहिला बंधारा, दुसरा बंधारा. हात सरावाचा होता. तिसऱ्यापाशी तराफा सवयीने डावीकडे वळू लागला. सरांनी तो थांबवला, दोनदा कळ दाबली आणि उजवीकडे घातला.

तराफा गडप झाला. तळघरात कुणी हलले नाही. तो पाण्याखाली नाही, त्याला पडद्यावर कुणी काढत नाही एवढेच, हे मला पुरते माहीत होते. तरी मी हात आवळून उभी होते. मी शेजारी बघितले. ब्रेदाबाईंनीही श्वास रोखला होता.